लिंकर कुठे अडतो?

लुआ ही प्रोग्रॅमिंग भाषा सोर्स आणि माहितीपुस्तिका धरून साडेतीनशे केबीच्या आसपास मावते. मेहकर-लोणारकडच्या एखाद्या घरात, मोबाइलच्या मंद नेटवरही ती बघता बघता उतरते. १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेल्या या भाषेचा सोर्स म्हणजे सीच्या सुमारे ३०,००० ओळी. पायथन, रूबी, पीएचपी यांचा पसारा याच्या कितीतरी पट मोठा, पण बांधणीची रीत तीच. त्यामुळे भाषा सोर्सपासून उभी करताना लिंकर कुठे आणि का अडतो, हे बघायला लुआ सोयीची पडते.

मुळात अशी वेळ येते कशाला? तयार पॅकेज का नाही घ्यायचे? शेगावला १९८३ मध्ये श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढे चिखली, मलकापूर आणि बुलढाण्यातही अभियांत्रिकीचे वर्ग आले, आणि आज बुलढाणा जिल्ह्यात संगणक शिकणारी मुले गावोगावची आहेत. कुठल्याही लॅबमध्ये पेच एकच असतो. मुलाला हवी असते भाषेची नवी आवृत्ती, समोरच्या यंत्रावर असते काही वर्षांपूर्वीचे उबुंटू, आणि सुडोचा पासवर्ड असतो सरांकडे. मग सोर्स उतरवायचा, प्रीफिक्स म्हणून आपली होम डिरेक्टरी सांगायची आणि ‘मेक’ चालवायचे. हा काही आडमार्ग नाही; पॅकेज बनवणारेही शेवटी हेच करतात.

ओळींमागून ओळी सरकत जातात, आता झालेच असे वाटते, आणि अगदी शेवटी येते: ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’. (पडद्यावर हे सगळे रोमन अक्षरांत असते, इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.) बहुतेक मुले हीच ओळ उचलतात आणि शोधत बसतात. तिच्यात काही नाही. कलेक्ट२ हा जीसीसी या कंपायलरचा हरकाम्या; तो एलडी नावाच्या लिंकरला हाक मारतो आणि लिंकरचे काम फसले की तेवढे कळवून मोकळा होतो. कारण त्याच्या वरच्या ओळींत असते. ओळी शंभर असल्या तरी वर सरकत जाऊन पहिली तक्रार गाठायची, कारण पुढच्या पुष्कळशा तिच्याच लेकी असतात.

त्या तक्रारीचा अर्थ लागायला लिंकरचे काम माहीत हवे. जीसीसी म्हणजे एकच प्रोग्रॅम असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो मुकादम आहे. प्रीप्रोसेसर, कंपायलर, असेंब्लर, लिंकर असे वेगवेगळे कामगार तो एकामागून एक कामाला लावतो. (जीसीसीच्या पोटात काय चालते यावर आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने कार्यशाळा घेतल्या. त्यांचे साहित्य मिळाले तर जरूर वाचावे.) कंपायलर एका वेळी एकच सी फाइल बघतो. ‘लुआ.सी’ कंपाइल करताना त्याला ‘रीडलाइन’ नावाच्या फंक्शनची हाक दिसते. ते फंक्शन कुठे आहे याची त्याला फिकीर नसते. हेडर फाइलने सांगितलेले असते की असे एक फंक्शन आहे, ते अमुक घेते आणि तमुक देते. कंपायलर त्या शब्दावर विसंबून ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि तिच्यात एक रिकामी जागा सोडतो: इथे ‘रीडलाइन’चा पत्ता भरावा.

पत्ते भरायचे काम लिंकरचे. साऱ्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्रऱ्या समोर घेऊन कोणते नाव कोणाला हवे आणि कोणाकडे आहे, याची तो जुळणी करतो. त्याला सी कळत नाही, तुमचा हेतू कळत नाही, फंक्शन किती आणि कसली आर्ग्युमेंट घेते हेही सीच्या बाबतीत कळत नाही. त्याला फक्त नावे कळतात. म्हणून लिंकरची तक्रार समोर आली की प्रश्न तीनच विचारायचे: नाव कोणते, ते मागितले कोणी, आणि ते असायला हवे होते कुठे.

गावांच्या नावांवरून हे पटकन ध्यानात येते. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव किती! खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा, जळगाव जामोद तालुक्यात पिंपळगाव काळे, मोताळ्यात पिंपळगाव देवी, बुलढाणा तालुक्यात सैलानीचे पिंपळगाव सराई. पाकिटावर नुसते ‘पिंपळगाव’ लिहिले तर पोस्टमन अडतो, कारण या नावाची गावे अनेक. आणि जिल्ह्यात नसलेल्याच गावाचे नाव लिहिले तरी तो अडतो. पत्र आत कितीही जिव्हाळ्याने लिहिलेले असो, त्याला ते वाचायचे नसते. लिंकरच्या दोन मुख्य तक्रारी याच. नाव सापडले नाही: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. एकाच नावाचे दोन निघाले: ‘मल्टिपल डेफिनिशन’.

पहिली तक्रार सर्वांत जास्त भेटते, म्हणून तिच्यापाशी थांबू. लुआची ५.३ आवृत्ती लिनक्सवर बांधायला ‘मेक लिनक्स’ म्हणतात. त्यात रीडलाइनची जोडणी चुकली तर तक्रार साधारण अशी येते: ‘लुआ.ओ: इन फंक्शन पुशलाइन: अनडिफाइन्ड रेफरन्स टू रीडलाइन’. तीन प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे इथेच आहेत. नाव ‘रीडलाइन’. मागणारा ‘लुआ.ओ’ या ऑब्जेक्ट फाइलमधला ‘पुशलाइन’, म्हणजे टर्मिनलवर तुम्ही टाइप केलेली ओळ वाचणारा तुकडा. उरला तिसरा प्रश्न. ‘रीडलाइन’ ही ग्नू प्रकल्पाची लायब्ररी. वरचा बाण दाबला की आधीची आज्ञा परत येते ती तिच्यामुळे. लिंकरला ती सांगायची तर हायफन, धाकटा एल आणि त्याला चिकटून ‘रीडलाइन’ असे लिहायचे. लिंकर त्या नावाआधी ‘लिब’ आणि शेवटी ‘.एसओ’ किंवा ‘.ए’ लावून ठरलेल्या डिरेक्टऱ्यांत ती फाइल शोधतो.

आता नीट बघा, या एकाच लायब्ररीपायी तीन निरनिराळ्या तक्रारी येऊ शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ‘रीडलाइन.एच: नो सच फाइल’ आले तर ते कंपायलरचे दुखणे, लिंकरपर्यंत गाडी पोचलीच नाही. ‘कॅनॉट फाइंड -एलरीडलाइन’ आले तर लिंकरला लायब्ररीचे नाव कळले पण फाइल मिळाली नाही. आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू रीडलाइन’ आले तर फाइलचे नाव त्याला कोणी सांगितलेच नाही, किंवा सांगितले ते चुकीच्या जागी.

दुसऱ्या तक्रारीत मुले हमखास चक्रावतात. ‘सर, लायब्ररी तर आहे की! ही बघा, लिबरीडलाइन.एसओ.८.’ आहे, खरेच आहे. पण तो आठाचा शेपटा चालू प्रोग्रॅमसाठी असतो. लिंकर शोधतो नुसती ‘.एसओ’वर संपणारी फाइल. ती बहुधा मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक असते आणि हेडरबरोबर वेगळ्या पॅकेजमध्ये येते. उबुंटू-डेबियनमध्ये त्या पॅकेजच्या नावाला शेवटी ‘-डेव्ह’ असते, फेडोराच्या गोतावळ्यात ‘-डेव्हेल’. म्हणजे नुसत्या वापरणाऱ्यांसाठी एक पॅकेज आणि बांधणाऱ्यांसाठी दुसरे. सुडो असेल तर ‘लिबरीडलाइन-डेव्ह’ टाकले की विषय संपला.

सुडो नसेल तर रीडलाइनसुद्धा सोर्सपासून आपल्या होममध्ये बांधायची आणि लुआला तिचा पत्ता द्यायचा: हेडरसाठी थोरला आय, लायब्ररीसाठी थोरला एल. इथे एक जुना खड्डा आहे. लिंकर म्हणतो, ‘लिबरीडलाइन.एसओ: अनडिफाइन्ड रेफरन्स टू टीपुट्स’. टीपुट्स कोण? लुआच्या सोर्समध्ये हे नाव नाही, म्हणजे मागणारी लुआ नाही. मागणारी आहे रीडलाइन स्वतः. टर्मिनलवर अक्षरे हलवण्यासाठी तिला एनकर्सेस किंवा टीइन्फो लागते, आणि आपण बांधताना ते तिला जोडून दिले नाही. रीडलाइनचे मेक चालवताना ‘एसएचलिब_लिब्ज’ या चलाला एनकर्सेसचे नाव दिले की ती आपली गरज स्वतःच नोंदवून ठेवते. लुआ ५.१ची मेकफाइल उघडलीत तर रीडलाइनच्या मागोमाग हिस्टरी आणि एनकर्सेस ही नावे लिहिलेली दिसतील. कुणीतरी याच खड्ड्यात पडून गेलेले आहे. पुढे ५.४मध्ये लुआवाल्यांनी नुसत्या ‘मेक लिनक्स’मधून रीडलाइन काढूनच टाकली, हवी असेल त्याने ‘मेक लिनक्स-रीडलाइन’ म्हणावे. घाई असेल तर रीडलाइनशिवाय बांधा. भाषा तीच राहते, फक्त वरचा बाण चालत नाही.

एखादे नाव कोणाचे हे ओळखीवर नाही, तपासून ठरवायचे. त्यासाठी ‘एनएम’ नावाची छोटी आज्ञा आहे. ऑब्जेक्ट फाइलवर चालवली की ती नावांची यादी देते आणि प्रत्येक नावाआधी एक अक्षर. ‘यू’ म्हणजे हे नाव मला हवे आहे, माझ्याकडे नाही. ‘टी’ म्हणजे हे फंक्शन माझ्याकडे आहे. ‘.एसओ’ फाइलवर चालवताना सोबत थोरला डी द्यायचा, नाहीतर ‘नो सिम्बॉल्स’ म्हणून ती हात झटकते. शंका असलेल्या लायब्रऱ्यांवर एनएम चालवून ग्रेपने नाव गाळून घेतले की मालक सापडतो. याहून नेमके हवे तर लिंकरलाच विचारा: ‘ट्रेस-सिम्बॉल’ हा पर्याय देऊन नाव सांगितले की ते कोणत्या फाइलने मागितले आणि कोणत्या फाइलने पुरवले हे तो छापतो. इंटरनेटवरून कोणाची तरी चाळीस एलवाली ओळ उचलून चिकटवण्यापेक्षा हे दोन मिनिटांचे काम बरे. त्या ओळीने कधी गाडी चालते, पण का चालली ते कळत नाही, आणि पुढच्या यंत्रावर पुन्हा तीच रडकथा.

‘चुकीच्या जागी’ म्हणालो, त्याचे काय ते बघू. लुआ बांधताना मेक आधी बहुतेक ऑब्जेक्ट फाइली एकत्र करून ‘लिबलुआ.ए’ ही स्टॅटिक लायब्ररी बनवते. शेवटची आज्ञा साधारण अशी असते: ‘लुआ.ओ’, मग ‘लिबलुआ.ए’, मग गणिताची ‘एम’, मग ‘डीएल’, मग ‘रीडलाइन’. हा क्रम सजावटीचा नाही. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि स्टॅटिक लायब्ररीतून त्या क्षणी जी नावे अडलेली आहेत तेवढ्यांपुरतेच तुकडे उचलतो. मागे वळून बघत नाही. ‘लिबलुआ.ए’ आधी लिहिली आणि ‘लुआ.ओ’ नंतर, तर लायब्ररी वाचताना कोणी काही मागितलेलेच नसते, म्हणून तो काही उचलत नाही; पुढे ‘लुआ.ओ’ने ‘लुआ_क्लोज’ मागितले की तो म्हणतो, नाही बुवा. फाइल समोर, नाव तिच्यात, तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. मागणारा आधी, पुरवणारा नंतर, हा नियम. दोन स्टॅटिक लायब्रऱ्या एकमेकींवर अवलंबून असल्या तर त्यांना ‘स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘एंड-ग्रुप’ यांच्यामध्ये ठेवतात. मग लिंकर त्या जोडीवरून पुन्हा पुन्हा फिरतो.

शेअर्ड लायब्ररीचे हे बंधन पूर्वी ढिले होते. पण उबुंटूने ११.१० पासून ‘ॲज-नीडेड’ हे वागणे ठरीव केले: तोवर कोणाला गरज नसलेली शेअर्ड लायब्ररी लिंकर टाकून देतो. त्यामुळे गणिताची एम आधी लिहिली की ती गळते आणि ‘पॉव’ सापडत नाही. म्हणूनच एकच मेकफाइल डेबियनवर चालते आणि उबुंटूवर रुसते असे घडते. याच कुळातली ‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ ही तक्रार भीतिदायक दिसते, पण सर्वांत सोपी आहे. तिच्यात लिंकर लायब्ररीचा पूर्ण पत्ताच छापतो: नाव इथे आहे, मला दिसते आहे, पण तू मला ही लायब्ररी सांगितलेली नाहीस. सांगून टाका.

लुआ आपल्या सी++ प्रोग्रॅममध्ये बसवणाऱ्यांना आणखी एक गंमत भेटते. तक्रार येते: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू लुआ_क्लोज’, आणि पुढे कंसात ‘लुआ_स्टेट’ व तारा. कंस दिसला की समजावे, मागणारा सी++ आहे. सी++मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शने चालतात, म्हणून कंपायलर प्रत्येक नावाला आर्ग्युमेंटची शेपटी जोडून ते वेगळे करतो. पिंपळगावला राजा, काळे, देवी जोडावे तसेच. पण सीमध्ये बांधलेल्या लुआत नाव नुसते ‘लुआ_क्लोज’ आहे. शेपटीवाले नाव शेपटीविना नावाशी जुळत नाही. हेडर ‘एक्स्टर्न सी’च्या कंसात घ्यायचे, लुआवाल्यांनी त्यासाठी ‘लुआ.एचपीपी’ ही तयार फाइल दिलेलीच आहे. नाव ‘अंडरस्कोर झेड’ने सुरू होणारा अगम्य गुंता दिसले तर ‘सी++फिल्ट’मधून काढावे, माणसाला वाचता येते.

‘मल्टिपल डेफिनिशन’ पूर्वी कमी दिसायची. मे २०२० मध्ये जीसीसी १० आले आणि जुने सोर्स एकदम बोलू लागले. कारण साधे. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता एखादे ग्लोबल चल जाहीर केले की ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये त्याची एकेक प्रत होते. आधीचे जीसीसी अशा प्रती गुपचूप एक करत असे. दहाव्या आवृत्तीपासून ‘नो-कॉमन’ हे ठरीव झाले आणि लिंकरला खरोखर दोन-दोन मालक दिसू लागले. जुनी भाषा बांधायची असेल तर सीफ्लॅग्जमध्ये ‘एफकॉमन’ घालून निभावते. सोर्स तुमच्या ताब्यात असेल तर मात्र हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहा आणि चल एकाच फाइलमध्ये ठेवा.

यानंतरचा प्रकार पुस्तकांत सहसा नसतो, पण आपल्याकडे उन्हाळ्यात तो ठेवलेलाच. मेक चालू आहे, ऑब्जेक्ट फाइली बनत आहेत, आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच दमलेली. वीज आल्यावर पुन्हा मेक म्हटले की ते उरलेल्या फाइली बनवते आणि शेवटी लिंकर म्हणतो: ‘फाइल नॉट रेकग्नाइज्ड: फाइल ट्रंकेटेड’. सोर्स बरोबर, लायब्रऱ्या बरोबर, आज्ञा बरोबर. झाले असे की वीज गेली तेव्हा एखादी ऑब्जेक्ट फाइल डिस्कवर नावापुरती उतरली होती, आतला मजकूर अजून मेमरीतच होता. तिची लांबी शून्य, पण तारीख-वेळ सोर्सनंतरची. मेक फक्त वेळ बघते. ऑब्जेक्ट सोर्सपेक्षा नवी, म्हणजे काम झालेले, असे मानून पुढे जाते. कंट्रोल-सी दाबून थांबवले असते तर अर्धवट फाइल मेकने स्वतःच पुसली असती, पण वीज काही निरोप देऊन जात नाही. शून्य लांबीच्या ‘.ओ’ फाइली फाइंड आज्ञेने शोधून पुसल्या की बऱ्याचदा भागते. पण अर्धवट लिहिलेली, शून्य नसलेली फाइल अशी सापडत नाही. लुआसारख्या छोट्या भाषेत सरळ ‘मेक क्लीन’ करावे. पायथनसारख्या मोठ्या बांधणीत, जिथे सगळे पुन्हा करायला वेळ लागतो, तिथे आधी शून्यवाल्या पुसून बघाव्यात, आणि लिंकर तरीही रुसला तर तो ज्या फाइलचे नाव घेतो तेवढी पुसावी.

मेकचा हाच आंधळेपणा वीज न जाताही नडतो. लुआ ५.४ आधी ‘मेक लिनक्स-रीडलाइन’ने बांधली, मग मन बदलून क्लीन न करताच रीडलाइनशिवाय बांधायला घेतली, तर ‘लुआ.ओ’ जुन्या फ्लॅगांची राहू शकते. तिला अजून ‘रीडलाइन’ हवी आहे आणि आज्ञेत ती नाही. फ्लॅग बदलले की ‘मेक क्लीन’, ही सवय अंगी बाणवावी.

आणखी एक तक्रार लिंकरच्या नावावर येते, पण दोष त्याचा नसतो: ‘एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल ९, किल्ड’. चार जीबी रॅमच्या यंत्रावर एलएलव्हीएमवर उभी असलेली भाषा बांधायला घेतली की लिंकर मेमरी खात सुटतो आणि कर्नल त्याचा गळा धरतो. एका वेळी एकच लिंक चालू द्यावी (एलएलव्हीएमच्या सीमेकमध्ये समांतर लिंकची संख्या ठरवता येते), डीबग सोडून रिलीज बांधावे, स्वॅप वाढवावी.

पायथनकडे वळलो की प्रश्न थोडा सरकतो. पायथनची एसएसएल, एसक्यूलाइट, बीझेड२ ही मोड्यूल वेगवेगळ्या ‘.एसओ’ फाइली असतात, आणि शेअर्ड फाइल बांधताना अडलेले नाव राहिले तर लिंकर सहसा हरकत घेत नाही. चालवताना कोणीतरी पुरवील असे धरून चालतो. म्हणून तक्रार उशिरा येते. मेक संपता संपता पायथन स्वतः सांगतो की अमुक मोड्यूल बांधली गेली पण इम्पोर्ट झाली नाहीत म्हणून काढून टाकली. तो परिच्छेद कोणी वाचत नाही. शेवटी एरर नाही, म्हणजे काम झाले असे समजून मंडळी इन्स्टॉल करतात आणि आठवड्याने पिप चालवताना एसएसएल नाही म्हणून बोंब ठोकतात. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्याहून नवी लागते. जुन्या यंत्रावर ती नसली तर ओपनएसएसएल होममध्ये बांधून ‘विथ-ओपनएसएसएल’ने पत्ता द्यायचा. आणि ‘विथ-ओपनएसएसएल-आरपाथ’ला ‘ऑटो’ म्हणायचे. ते का, ते पुढे येतेच. मेकच्या आधी चालवायच्या ‘कॉन्फिगर’ या स्क्रिप्टला एखादी लायब्ररी का मिळाली नाही याचे उत्तर ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये असते. त्याने छोटे प्रोग्रॅम लिहून लिंक करून पाहिलेले असतात, आणि लिंकरची मूळ तक्रार तिथे जशीच्या तशी पडलेली असते.

आता बांधणी झाली, प्रोग्रॅम चालवला, आणि ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबपायथन... कॅनॉट ओपन’. हे बोलणारा लिंकर नाही, लोडर आहे. लिंकरला आपण थोरल्या एलने दाखवलेली डिरेक्टरी फक्त बांधणीपुरती होती. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर आपल्या ठरलेल्या जागीच शोधतो. ‘एनेबल-शेअर्ड’ देऊन होममध्ये पायथन बसवला की हे होणारच. एलडी_लायब्ररी_पाथ बदलून काम चालते, पण तो बदल त्या टर्मिनलमधल्या सगळ्याच प्रोग्रॅमांना लागू होतो. नेहमीसाठी तो बॅशआरसीत लिहून ठेवणे मला पटत नाही. पुढे कधी वेगळ्याच प्रोग्रॅमला चुकीची लायब्ररी मिळते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यापेक्षा बांधतानाच एलडीफ्लॅग्जमधून आरपाथ द्यावा, म्हणजे पत्ता प्रोग्रॅमच्या अंगावरच लिहिलेला राहतो. कोणत्या लायब्ररीसाठी कोणती फाइल उचलली जाते हे ‘एलडीडी’ दाखवते. तिच्या यादीत ‘नॉट फाउंड’ दिसले, किंवा तुम्ही बांधलेल्या ओपनएसएसएलऐवजी यंत्राची जुनी दिसली, की निदान झाले.

आणि घरच्या लॅपटॉपवर बांधलेली भाषा पेन ड्राइव्हवर घालून लॅबमध्ये न्यायची असेल तर? घरी उबुंटू २२.०४, लॅबमध्ये २०.०४. लोडर म्हणतो, ‘व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ ने पूर्वी वेगळ्या असलेल्या डीएल आणि पीथ्रेड या लायब्रऱ्या मूळ लिबसीतच मिसळल्या. त्यामुळे नव्या यंत्रावर बांधलेली लुआ नुसते ‘डीएलओपन’ मागत नाही, ‘२.३४चे डीएलओपन’ मागते. २०.०४ वर जीलिबसी आहे २.३१, तिच्याकडे ते नाव त्या शिक्क्याचे नाही. उलट्या दिशेने मात्र चालते, कारण नवी जीलिबसी जुन्या शिक्क्यांची नावे सांभाळून ठेवते. तेव्हा बांधायचे ते सर्वांत जुन्या यंत्रावर, म्हणजे लॅबमध्ये, आणि न्यायचे घरी. लुआ अशी बिनतक्रार जाते. पायथन जातो, पण त्याचे एसएसएल मोड्यूल रुसते: ते २०.०४ वरची ओपनएसएसएल १.१ मागते आणि २२.०४ वर आहे फक्त ३.०. पायथन न्यायचाच असेल तर आपली ओपनएसएसएल त्याच होम डिरेक्टरीत बांधून, आरपाथ लावून, दोन्ही फोल्डर सोबत उचलावेत आणि दुसऱ्या यंत्रावर अगदी त्याच पत्त्यावर ठेवावेत.